कुलपांचा लिलाव

जुन्या कुलपांचा इतिहास जपणाऱ्या आमच्या मंडळाचे सारे वैभव एका भाड्याच्या खोलीत नांदत होते. मंडळ नफ्यासाठी नाही, असे नियमावलीचे पहिले कलम सांगे. त्याचे पालन आम्ही इतक्या निष्ठेने केले की वर्षाचे भाडे थकले. घरमालकांनी महिनाअखेरची मुदत दिली. भिंतीवरचे प्रत्येक कुलूप खजिनदारबाईंनी स्वहस्ते तेलपाणी करून चालते केले होते. खोली जाणार या विचाराने त्यांना अन्न गोड लागेना.

"लिलाव करू," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे माझे थोरले बंधू.

लिलावाला बाहेरचे चिटपाखरूही फिरकले नाही. होतो ते आम्ही सभासदच; परंतु बोलीचा ज्वर असा चढला की विवेकाने काढता पाय घेतला. हत्तीच्या आकाराच्या पितळी कुलपावर दादा आणि आमच्यातले घड्याळजी अडून बसले.

"ठेवणार कुठे हा हत्ती?" घड्याळजींनी विचारले.

"तुमच्या डोक्यात पुष्कळ जागा रिकामी आहे. सातशे."

घड्याळजींनी हात जोडून बोली सोडली. "आठशे," दादा गरजले.

"दादा, सातशेही तुमचेच होते," मी म्हणालो.

"असू दे. मी कुणालाच हार जाणार नाही."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सायंकाळी घरमालकांच्या हाती भाडे पडले. भिंतीवर मात्र केवळ खिळे उरले. बाई त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, "खोली राहिली हो, पण आता इथे झाडू मारायचा तो कशासाठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा काखेत पुडके मारून हजर. "तुझी वहिनी म्हणते, घरात एक गंजलेला आहे तेवढा पुरे."

मागोमाग आमचे औषधविक्रेते सभासद आले. मग सूनबाईंनी वाटेला लावलेल्या निवृत्त शिक्षिका. प्रत्येकाला आपले कुलूप मंडळाला अर्पण करायचे होते. पैसे परत मागण्याचा अमंगळ विचार कुणाच्याही मनाला शिवला नाही. बाई पावत्या फाडत होत्या, हसत होत्या, पदराने डोळे टिपत होत्या.

शेवटी घड्याळजींच्या पत्नी आल्या. हत्ती हुकल्यावर घड्याळजींनी घेतलेले दुसरे भले थोरले कुलूप त्यांनी टेबलावर आदळले. "बाई, हे घ्या. आणि जमलं तर यांनाही ठेवून घ्या."

मागे घड्याळजी मोठ्या आशेने उभे होते.

बाईंनी नियमावली गंभीरपणे चाळली. पतीच्या देणगीची तरतूद कोठेही नव्हती. पावती केवळ कुलपाचीच फाटली.