बाकी उद्या

“बोला वायरमनसाहेब, सध्या काय वाचताय?”

बाईंनी विचारलं, आणि वायरमनने बिस्किट चहात जरा जास्तच वेळ धरलं. व्हायचं तेच झालं. अर्धं बिस्किट तुटून कपाच्या तळाशी गेलं. ते चमच्याने शोधण्यात थोडा वेळ गेला, आणि वेळ जावा हीच तर त्याची इच्छा होती.

“वाचतोय एक,” तो म्हणाला. “नावाड्याचं.”

“अरे वा! कसं वाटतंय?”

“नावाडी भला माणूस आहे. जरा हट्टी. बायकोचं ऐकत नाही.”

टेबलाभोवती माना डोलल्या. वायरमनने चहाचा मोठा घोट घेतला. हाही बुधवार निभावला.

सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी दुपारी ही मंडळी जमत. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आता वाचनालय त्याच सांभाळत. शाळा सुटून वर्षं झाली, पण कुणी पुटपुटलं की “मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे” असं म्हणायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. कॅशियर बँकेतले. ते पुस्तकाची पानं नोटांसारखी अंगठा ओला करून उलटत, आणि दुःखाचं पुस्तक हाती लागलं की येताना जादा रुमाल आणत. शिवणताईंचं दुकान समोरच. गळ्यातली टेप न काढताच त्या येऊन बसत. कुणी एखाद्या लेखकाला फार डोक्यावर घेतलं की म्हणत, “मापात आहे हो, पण अस्तर कच्चं.”

मंडळींचे नियम दोन. गोष्ट सांगत बसायचं नाही, वाचून तुम्हाला काय झालं ते सांगायचं. आणि शेवट फोडायचा नाही. हा दुसरा नियम वायरमनच्या फार पथ्यावर पडला होता. कारण उभ्या आयुष्यात त्याने एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं.

वाचता येत नव्हतं असं नाही. मीटर वाचायचा, तारांचे नकाशे वाचायचा, वर्तमानपत्र मागून पुढे चाळायचा. पण पुस्तक हे बायकोचं खातं. ती वाचनालयातून पुस्तक आणायची, दुपारी उंबऱ्याशी बसून वाचायची, आणि संध्याकाळी तो जेवायला बसला की वाढता वाढता त्यातलं सांगायची. सांगायची अशी, की हा घास तोंडात तसाच धरून ऐकत राही. “अहो, गिळा आधी. चोर काही पळून जात नाही!” आणि गोष्ट नेमकी अडचणीच्या जागी आली की उठून भांडी गोळा करायला लागायची.

“अगं, मग? पुढं काय झालं?”

“बाकी उद्या.”

सकाळी तो सायकलला पिशवी अडकवून निघाला की दारातून ठरलेला प्रश्न यायचा, “पट्टा घेतलात?” विजेच्या खांबावर चढल्यावर स्वतःला खांबाशी आवळून घ्यायचा, तो चामडी पट्टा. “घेतला,” म्हणून भागत नसे. “दाखवा,” म्हणायची. तो दाखवायचा. लग्नापासून निवृत्तीपर्यंत या कार्यक्रमात खाडा झाला नाही.

मागच्या थंडीत ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला आणि रुग्णालयातून ती परत आली नाही. तेव्हा एका पुलाच्या रखवालदाराचं पुस्तक चालू होतं. नदीला पूर आलाय, पूल हलतोय, पलीकडून रेल्वेगाडी यायचीय, आणि तिला थांबवायला रखवालदार कंदील घेऊन पुलावर गेलाय. “मग?” “बाकी उद्या,” म्हणत ती खोकत उठली होती.

पुढे ते पुस्तक परत करायला तो वाचनालयात आला. बाईंनी ते उघडलं. मध्यावर खूण म्हणून पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. तारांना गुंडाळायची ती चिकटपट्टी. त्याच्याच पिशवीतून ती चोरायची. बाईंनी पुस्तक मिटून त्याच्या हातात परत दिलं.

“अर्धंच झालंय. अर्धं पुस्तक आम्ही परत घेत नाही.”

असा नियम त्या वाचनालयात कधीच नव्हता. पण बाईंच्या तोंडून निघालं की कुठल्याही वाक्याचा नियम व्हायचा.

“आणि आज बुधवार आहे. बसा. चहा येतोय.”

त्यांनी खिडकीजवळची खुर्ची दाखवली. तिच्यावरची विणलेली उशी कुणाची, हे त्याला विचारावं लागलं नाही. तसलीच एक घरी होती.

तेव्हापासून तो यायला लागला. लेकीला सांगायचा, “चहा बरा असतो तिथला.” खरं म्हणजे चहा पांचट असायचा. पण घरी आईचा विषय निघाला की लेक गप्प व्हायची, शेजारीपाजारी आवाज खाली आणायचे. इथे कॅशियर टेबलावर थाप मारून म्हणायचे, “या पुस्तकावरून तुमची बायको माझ्याशी कडाकडा भांडली होती! हरलो मी!” तेवढं ऐकायला मिळावं म्हणून तो वाचकाचं सोंग घेऊन बसत होता. भांडवल एकच, तिने सांगितलेल्या गोष्टी. दर बुधवारी त्यातली एक मोडायची. आता मात्र धड आठवणाऱ्या गोष्टी सरत आल्या होत्या. गोष्टी सरल्या की सोंग उघडं पडणार, आणि सोंग उघडं पडलं की ही खुर्ची गेली, असा त्याचा हिशेब होता.

हिशेब बिघडला तो नावाड्यापायी.

पुढच्या बुधवारी कॅशियर आले ते डोळे सुजवूनच. त्यांनीही नावाड्याचं पुस्तक नेलं होतं.

“वायरमनसाहेब, तुमचं झालं का पुरं?”

“झालं की.”

“मग कसं हो करायचं माणसानं? काल मला जेवण गेलं नाही.” त्यांनी रुमाल काढला.

समोरचा माणूस रडतोय म्हटल्यावर धीर देणं आलं. वायरमन पुढे वाकून म्हणाला, “अहो, रडताय काय? लागतो की शेवटी काठाला! वाळूत पाय रोवून उभा राहतो, आणि बायको म्हणते, आता तरी ऐकाल का माझं?”

कॅशियरांनी रुमाल डोळ्यांवरून खाली घेतला.

“काठाला?” कॅशियर म्हणाले. “बुडाला तो! टोपी लागली काठाला.”

“टोपी नाही, तोच.”

“अहो, मी कालच वाचलंय!”

“आणि मला बायकोने...” वायरमनने जीभ चावली, पण तार तुटायची ती तुटलीच होती.

बाई त्याच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, हे त्याला अधिकच झोंबलं.

“थांबा,” तो म्हणाला. “तो खाणीतला मजूर. तो तर निघतो ना बाहेर?”

शिवणताई टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“आणि ती आजारी मुलगी? सर्कशीतला झुल्यावरचा? सगळे मेले?”

“सर्कशीतला नाही,” शिवणताई हळूच म्हणाल्या. “त्याचे पाय गेले.”

वायरमन उठला. “म्हणजे जन्मभर खोटं सांगत आली मला. कुकुल्या बाळाला सांगावं तसं. आणि मी आपला मान डोलावतोय!”

“बसा,” बाई म्हणाल्या.

मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. वायरमन बसला.

“तिने एकटीने नाही सांगितलं. त्यात आमचाही हात आहे.”

शिवणताईंना मग राहवेना. “तुमच्या घरी नावाडी काठाला लागला ना, तो या टेबलावरून लागला. ती पुस्तक वाचून यायची आणि इथं आपटायची. म्हणायची, सांगा आता, ह्याला वाचवायचा कसा? आमचा माणूस सकाळी खांबावर चढायचाय. संध्याकाळी त्याच्या ताटात मढं वाढून त्याला वर पाठवू कशी मी?”

“आणि तुम्ही?”

“आम्ही वाचवायचो. खाणीला दुसरी वाट बाईंनी काढून दिली. मुलीचा डॉक्टर वेळेवर पोचवला तो मी. चांगला घोड्यावर बसवून पाठवला.”

“पण शेवट फोडायचा नाही ना इथं?”

“तिच्यापुरता मोडला नियम,” बाई म्हणाल्या. “ज्याने पुस्तक वाचलं नसेल, त्याने तेवढा वेळ कानांत बोटं घालायची.”

“मी घालायचो ना!” कॅशियर तक्रारीच्या सुरात म्हणाले. “म्हणून तर फसलो. नाहीतर काल पोटभर जेवलो असतो.”

वायरमनला हसू आलं, आणि ते आवडलं नाही म्हणून त्याने कप उचलला. कप रिकामा होता.

“पण मी तर निवृत्त झालो होतो की. खांब सुटला होता. मग कशाला?”

“विचारलं होतं मी,” शिवणताई म्हणाल्या. “म्हणाली, आता त्यांच्यासाठी नाही गं, मलाच सवय लागलीय. कुणाला बुडताना टाकून उठवत नाही आता.”

त्याने उशीची वीण बोटाने चाचपली. मग म्हणाला, “म्हणजे मी काही वाचत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“पहिल्या बुधवारपासून,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणालात, खाणीचं पुस्तक वाचून फार बरं वाटलं. ते पुस्तक वाचून आजवर कुणालाही बरं वाटलेलं नाही.”

“मग बोलला का नाहीत?”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. “तुमच्या तोंडून ती ऐकू येत होती आम्हाला. आपल्या हाताने कोण बंद करील?”

घरी जाऊन वायरमनने रखवालदाराचं पुस्तक फळीवरून काढलं. इतके महिने ते त्याने उघडलं नव्हतं. जोवर उघडलं नाही, तोवर रखवालदार पुलावर होता आणि ‘बाकी उद्या’ शिल्लक होतं. आता तो तिच्या जागी, उंबऱ्याशी बसला आणि ओळीखाली बोट धरून पहिल्या पानापासून लागला. एवढी अक्षरं एका जागी त्याने कधी पाहिली नव्हती. दमला की पट्टीचा पिवळा तुकडा घालून उठायचा. तुकडा रोज थोडा पुढे सरकायचा. तिच्या पानापर्यंत आला, आणि पुढे गेला.

सोमवारी दुपारी पुस्तक संपलं. गाडी थांबली. माणसं वाचली. पूल गेला, आणि रखवालदार पुलाबरोबर गेला.

वायरमनने पुस्तक मिटलं. नोकरीत असताना संध्याकाळी घरी आल्यावर तो कधीमधी तिला विचारायचा, “डोळे का लाल तुझे?” ती म्हणायची, “वाचून दुखतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल.” म्हणून त्याने तिला दोनदा चष्मा बदलून आणला होता. आणि दोन्ही वेळा ती काही न बोलता नवा चष्मा लावून स्वयंपाकघरात वावरली होती. इतकी मरणं या उंबऱ्यावर तिने एकटीने सोसली, तोंड धुतलं, पाट मांडला, आणि त्याच्या ताटात आली ती सगळी माणसं जिवंत आली. त्यांच्या जिवावर तो रोज वर चढला आणि रोज खाली उतरला.

त्याने पुस्तकाला हात जोडले. मग आपल्याला कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून रस्त्याकडे नजर टाकली.

मंगळवारी सकाळी लेक दाराशी बसून बूट घालत होती. ती रुग्णवाहिकेवर नर्स आहे. बोलावणं आलं की ऊन, पाऊस, पूर काही बघायचं नसतं.

“बाबा, तुम्ही पुस्तक वाचताय? आईचं ना ते?” तिने स्वतःहून विचारलं. “पुलावरच्याचं काय झालं हो? मलाही तिने तिथपर्यंतच सांगितलं होतं.”

वायरमनने तिच्याकडे पाहिलं. एक बूट घालून झाला होता, दुसऱ्याची नाडी हातात होती.

“अजून पुलावरच आहे,” तो म्हणाला. “बाकी उद्या.”

लेकीचे हात नाडीवर थांबले. मग तिने गाठ मारली. “बरं,” म्हणाली आणि निघाली, पण दाराबाहेर कधी नव्हे ते गुणगुणताना ऐकू आली.

बुधवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. मंडळी टेकतायत तोच त्याने पुस्तक टेबलावर आपटलं.

“वाचलंय मी. स्वतः. आता सांगा, ह्याला वाचवायचा कसा? संध्याकाळी लेकीला सांगायचंय.”

कॅशियरांनी हे वाचलेलं नव्हतं. त्यांनी लगेच कानांत बोटं घातली. त्यातलं एक जरा सैलच होतं.

“पूल पडायच्या आधीच माघारी फिरू दे त्याला,” बाई म्हणाल्या.

“तो फिरणारा नाही. हट्टी आहे. गाडी थांबल्याशिवाय हलायचा नाही.”

“मग टोकाला काही उभं आहे का? झाडबीड?” शिवणताईंनी विचारलं.

वायरमनने डोळे मिटले. पाऊस, पाणी, काळोख सगळं नीट बघून घेतलं. “सिग्नलचा खांब आहे,” तो म्हणाला. “लोखंडी. पाया खोल असतो त्याचा. पूल जाईल, खांब नाही जात.”

“पण धरून धरून किती वेळ धरेल? हात गारठतील की.”

“हातानं कशाला धरायचं?” बोलता बोलता त्याचा हात कमरेशी गेला. आता तिथे काही नव्हतं.

कॅशियरांची दोन्ही बोटं कधीच बाहेर आली होती. “पट्टा होता त्याच्याकडे?”

“होता,” वायरमन म्हणाला. “निघताना बायकोने बघितला होता.”