मशीनमधला वेताळ

वलगावात भगवंतरावांच्या बैठकीत त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मे महिन्याची आग आणि आत करंटनाथ महाराज! कोणी मुका झालेला मोबाइल आणला होता, कोणी मिक्सर. मधोमध टेबलावर भगवंतरावांच्या लेकीने, अपेक्षाने, जुने सुटे भाग आणून स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर हळदकुंकू लेवून बसला होता.

"याच्यात वेताळ आहे!" महाराज गरजले. "सॉफ्टवेअर माणसानं केलं, पण वायरीतला करंट कोणाचा? परमेश्वराचा! मी बसलो का वेताळ दबते, उठलो का डोकं काढते."

अपेक्षाला हसू येत होतं आणि रडूही. कारण मेलं ते खरंच होतं. महिनाभर मशीन मनाला येईल तेव्हा थिजायचं. चित्र जागच्या जागी, माउस मढ्यासारखा. तिने मेमरी बदलली, विंडोज पुन्हा टाकलं, आतला पंखा फिरतोय हे दहादा पाहिलं. बंद पडल्याची प्रत्येक वेळ वहीत टिपली, आणि त्या वहीनेच दगा दिला. महाराज चारदा आले, चारही वेळा मशीन सुरळीत!

वही पाहून भगवंतरावांनी शब्द दिला होता: आज पूजा झाली की महाराज मशीन नदीत सोडायला नेतील. नदीच्या वाटेवर महाराजांच्या पुतण्याचं कॉम्प्युटरचं दुकान लागतं, हे मात्र कोणी बोललं नाही. अकोल्याच्या स्टुडिओतल्या नोकरीसाठी अपेक्षाची कार्टून फिल्म त्याच संध्याकाळी सहाच्या आत पोचायला हवी होती, आणि ती त्याच मशीनमध्ये अर्धवट अडकली होती.

"कूलर इकडं करा," महाराजांनी फर्मावलं. "वारा लागल्याबिगर मंत्र चढत नाही."

आईने, लीलाबाईंनी, कूलर ढकलत आणला. वऱ्हाडात पाहुण्याला कूलर द्यायचा आणि घरच्यांनी घामात बसायचं, ही रीतच. महाराजांच्या खुर्चीला लागूनच मशीनचं टेबल होतं. अपेक्षा चमकली. महाराज चारदा आले, म्हणजे कूलरही चारदा मशीनकडे फिरला!

"महाराज, बायाइले लय उकडून राहिलं," ती साळसूदपणे म्हणाली आणि कूलर तिकडे वळवला. बायांनी तिला तोंडभर आशीर्वाद दिले.

पाव तासात महाराजांच्या भस्माचा चिखल झाला. मंत्र चालूच होते, आणि मशीन थिजलं.

"कोणीतरी अश्रद्ध आत आलं!" महाराज ओरडले.

"मी तं सकाळपासून इथंच आहो," अपेक्षा म्हणाली. तिने कूलर परत मशीनकडे केला, मशीन चालू केलं आणि महाराजांना पाणी प्यायला ओसरीत पाठवलं. महाराज बाहेर, तरी मशीन खुशाल चाललं.

शेजारच्या गादीघरातल्या फरजानाचाची पुढे आल्या. "अवं, हे तं गरमीचं दुखणं! आमची कापूस पिंजायची मोटर अशीच अडते. खोल त्याले."

मशीन बंद करून अपेक्षाने पंख्याचे स्क्रू काढले. पंख्याखाली, जाळीत, कापसाचा बोटभर थर! चाचींच्याच गादीघरातून खिडकीवाटे उडून आलेला. पंखा वर फिरत होता, हवा खाली जातच नव्हती.

"पंखा फिरते ते मी पाह्यलं. हवा कुठं जाते ते नाही," अपेक्षाने कबूल केलं.

महाराज ओसरीतूनच पसार झाले. भगवंतराव अजून अडखळत होते. "पण वहीत तं..."

"वही खरं बोलली, बाबा. महाराज आले का मशीन चाले. त्याइच्यासंगं आणखी काय बदलते, ते आपण पाह्यलं नाही. एकच गोष्ट बदला, बाकी तशाच ठेवा, मंग पाहा. चमत्कार असन तं टिकन."

तिने कापूस काढला, आणि कूलर बंद ठेवूनच पाच चाळीसला फिल्म गेली. मागे भगवंतराव घामाने निथळत उभे होते.

"मी देऊनच टाकत होतो वं, पोरी," ते म्हणाले.

मंडळी, हात जोडायला कधीही उशीर होत नाही. आधी झाकण उघडून पाहा.