शीलाचा राहिलेला ढावलो

शीला राठोड तांड्यावर आली तर देवीलाल नायकाचा फायदाच फायदा होता. पोरीच्या लग्नाला आमदार नक्की येणार, पांढरकवड्याच्या सोयऱ्यांची तोंडं बंद होणार, आणि नाटकात गेली म्हणून त्याच्या बापानं जिचं नाव टाकलं होतं, तिच्याच शेजारी उभं राहून त्याला फोटो काढता येणार.

शीलाला एकच हवं होतं, घर सोडताना राहून गेलेला आईचा निरोप. बत्तीस वर्षांपूर्वी ती न सांगता नाटक कंपनीच्या मेटॅडोरमध्ये बसली होती. पुढं हजारावर प्रयोग झाले, चौदा सिनेमे झाले. मुकुटबनला तिचं नाटक लागलं की चहावालेही टपरी उघडी टाकून मांडवात जाऊन बसत. आई मानीबाई मात्र तिनं पाठवलेली साडी न उलगडता परत धाडायची.

नवरी पुण्यात नोकरीला. तिला ढावलो येत नव्हता. सासरी निघताना बंजाऱ्याची पोरगी एकेकाच्या गळ्यात पडून जे रडगाणं गाते, तो ढावलो. देवीलालनं तोड काढली. गळ्यात नवरीनं पडायचं, गायचं शीलानं, माईकवर.

"सिनेमात चालते तं मांडवात काहून नाही?" तो म्हणाला.

शीला हो म्हणाली. अट एकच, आई समोर पाहिजे. ऐंशीच्या मानीबाईला जेवणाचं निमित्त सांगून आणून बसवलं.

नवरी निघायची वेळ झाली. शीलानं पहिला सूर लावला आणि डीजेवाल्यानं आपणहून मशीन बंद केलं. वाढपी हातात बादल्या घेऊन जागच्या जागी थिजले. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तिनं माईक खाली ठेवला, नवरीला मागं सोडून पुढं गेली आणि "याडी" म्हणत आईच्या गळ्यात पडली.

म्हातारी दगडासारखी बसून. शीला गात होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंड अर्धं लोकांकडं. स्टेजची सवय, आईला मिठी मारतानाही चेहरा प्रेक्षकांना दिसला पाहिजे. मोबाईल वर झाले. कुणीतरी टाळी वाजवली. ढावल्याला टाळी तांड्यानं आजवर ऐकली नव्हती.

मानीबाईनं लेकीची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडं वळवलं.

"लोकायले कायले दाखवते? माह्याकडं पाहून रड."

आणि हजार प्रयोगांत एक शब्द न चुकलेली बाई ओळ विसरली. म्हातारीनं ती तिच्या कानात सांगितली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. ते गाणं मांडवात फार तर पाच जणांना ऐकू आलं असेल, पण सगळा मांडव उभा राहिला. स्वतः आमदारांनी टोपी काढली, ती कुणासाठी हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी मानीबाईनं तिचे डोळे पुसले. म्हणाली, "जाय आता बाई. गेली म्हणून सांगतो लोकायले."

हिशेब असा झाला. देवीलालच्या व्हिडिओत तोंड वळवल्यापासून शीलाची नुसती पाठ आली. नवरी न रडताच गाडीत बसली, तिचं काही अडलं नाही. शीलाला निरोप मिळाला. भरलं ते मानीबाईनं. ढावलो न गाता निघालेली पोरगी घरातून गेली असं तांडा धरत नाही. त्या जोरावर म्हातारी बत्तीस वर्षं विचारणाऱ्याला सांगायची, हाये इथंच कुठं, येईल सांजेपर्यंत. त्या दिवसापासून तिला तेवढंही म्हणता येईना.