दारासकट

वादळ येतंय म्हणून टेकाडावरच्या शाळेत जायचं, यावर घरात एकमत होतं. भांडण चाललं होतं ते दारासकट जायचं की दाराशिवाय, यावर.

"माणसं न्यायचीत आई, दारं नाही," सून म्हणाली. कडेवर पोर, खांद्याला दुपट्यांची पिशवी, हातात फोन. बोटं उरली असती तर त्यांत आणखी काहीतरी धरलं असतं.

"मग ने की माणसं. तुला कोण अडवतंय?" सासू उंबऱ्यावर फतकल मारून बसली होती आणि बिजागरीच्या स्क्रूंवर तेल सोडत होती. "मी बसते दाराजवळ. वादळ आलं की सांगेन त्याला, बाबा, घरात कोणी नाही, उद्या ये."

दाराचं हे खूळ एकट्या सासूचं नव्हतं, सगळ्या गावाचं होतं. मागच्या वेळी असाच भोंगा वाजला होता. अख्खं गाव मुलाबाळांसकट शाळेत जाऊन बसलं, आणि वादळ ऐनवेळी वळून समुद्रातच विरलं. लोक खुशीत घरी आले, तर निम्म्या घरांना दारं नव्हती. ओस पडलेल्या गावात कोणीतरी निवांत हिंडून चांगल्या लाकडाची दारं उचलून नेली होती. वाऱ्यानं कोणाचं कौलसुद्धा हललं नव्हतं. त्यातून गावानं धडा घेतला, पण साहेबलोकांना हवा होता तो नाही. घर सोडायचं तर दार काढून बरोबर घ्यायचं, असा तो धडा. आता भोंगा वाजला की माणसं आधी स्क्रूड्रायव्हर शोधायची, मग पोरं.

सासूचं दार मागच्या वेळी वाचलं, कारण ते चोरांनाही उचलवलं नसावं. सासरे होड्या बांधायचे. त्यांची पहिली होडी खडकावर फुटली, तेव्हा तिच्याच फळ्यांचं त्यांनी हे दार केलं. लाकूड होडीचं असल्यामुळे दाराला मधोमध जरा पोट होतं. लावताना ते थोडं उचलून ओढावं लागायचं, नाहीतर कडी लागतच नसे. नवी सून घरात आली तेव्हा तिला पहिली गोष्ट शिकवली गेली ती हीच. भूगोल घेऊन पदवी काढलेल्या मुलीला दार लावायला शिकवताना सासूला केवढा आनंद झाला होता.

त्या पदवीचा गावाला उपयोग एवढाच की हसायला बरं पडायचं. फोनला रेंज फक्त कोंबड्यांच्या खुराड्यावर उभं राहिलं की यायची. गेले काही दिवस सून सारखी त्या खुराड्यावर. खाली कोंबड्या ओरडतायत, वर ही फोन आभाळाकडे धरून उभी. गावानं तिचं नाव वेधशाळा ठेवलं.

"काय गं वेधशाळे, कुठवर आलं तुझं वादळ?" शेजारीण कुंपणावरून विचारायची.

"माझं नाहीये ते, काकू."

"मग कोणाचं? माहेरून तूच आणलंस ना? तू यायच्या आधी इथं नुसता वारा सुटायचा."

फोनवर वादळ फार देखणं दिसत होतं. पांढरंशुभ्र, गरगरीत, मधोमध डोळा. पोरीच्या टाळूवर केसांचा भोवरा होता ना, अगदी तसं. पोरीला अंघोळ घालताना सून हल्ली त्या भोवऱ्यावरून हात फिरवायचं टाळायची. फोनवरच्या अंदाजवाल्यांपैकी एकजण म्हणे वादळ उत्तरेला वळेल, दुसरा म्हणे दक्षिणेला, तिसरा म्हणे कमजोर होईल. सून तिघांचंही ऐकायची आणि तिघांचीही भीती वेगवेगळी बाळगायची. गावात कोणाला कोणी नावानं हाक मारत नाही, पण वादळाला मात्र लांब कुठंतरी बसलेल्या शहाण्यांनी गोंडस नाव ठेवलं होतं. पाळण्यात घालायचं तेवढं बाकी होतं.

आज सकाळी तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. पांढऱ्या गोळ्याचा डोळा सरळ गावाकडे निघाला होता. दुपारपर्यंत पोचणार होता.

तेवढ्यात भोंगा लावलेली सरकारी जीप आली, गावाच्या भाषेत भोंगेसाहेबांची. साहेब तरुण होते, शर्ट इस्त्रीचा होता आणि भोंग्यातून त्यांचा आवाज त्यांच्या वयापेक्षा बराच मोठा यायचा. "नागरिकांनी घाबरून जाऊ नये. नागरिकांनी ताबडतोब घरं सोडावीत. नागरिकांनी दारं आणू नयेत. मी पुन्हा सांगतो, दारं आणू नयेत."

"याच्या घराला दार नसेल," सासू म्हणाली आणि पुढचा स्क्रू पिळायला घेतला.

होड्या वर ओढून नवरा धापा टाकत आला. अंगभर वाळू चिकटलेली.

"अहो, सांगा ना यांना," सून म्हणाली. "खाडीकाठचा रस्ता पाण्याखाली गेला की टेंपो येणार नाही. दार घेऊन बसलो तर हिला घेऊन इथंच अडकू."

"खरंय तुझं," नवरा म्हणाला.

"दार धर खालून," सासू म्हणाली.

"हो आई," नवरा म्हणाला, आणि त्यानं दार खालून धरलं. लग्न झाल्यापासून तो असाच दोन्ही बाजूंना वाकत आला होता. वारा कुठलाही असो, तो मोडायचा नाही.

बाहेर समुद्र विचित्र मागे सरला होता. ओली काळी वाळू उघडी पडली होती आणि कोरडी वाळू उडून गालाला टोचत होती. बांधापलीकडच्या शेतात कापणीला आलेलं पीक वाऱ्यानं आत्ताच आडवं झालं होतं. एकदा का बांध फुटून खारं पाणी त्या मातीत शिरलं, की मग पुढची कित्येक वर्षं तिथं पीक नाही, नुसतं पांढरं फटफटीत मीठ. सून ते सगळं एका नजरेत बघत होती, आणि मागं तिचा नवरा व सासू दार आडवं करायचं की उभं यावर बोलत होते.

टेंपो आला तो दारांनी भरून. दारं उभी रचलेली आणि मधल्या फटींतून माणसं, पुस्तकात पिंपळाची पानं दाबून ठेवावीत तशी.

"या वहिनी," टेंपोवाला म्हणाला. "दाराला जागा आहे. तुमचं बघू."

"भाऊजी, ही शेवटची खेप ना?"

"रस्ता म्हणतोय शेवटची. मी कोण बोलणार?"

दार चढलं. मग सासू चढली. मग सून, पोरीला छातीशी दाबून, आपल्या दाराला पाठ लावून. नवरा मागच्या फळीला लटकला. खाडीपाशी पाणी रस्त्यावर चढलंच होतं. चाकाखालून पाण्याचा आवाज आला तसं सुनेनं डोळे मिटले आणि दाराच्या कडीला गच्च धरलं. धरायला दुसरं काही नव्हतंच.

शाळेची इमारत नवी होती. पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन झालेलं, दगडी पाटीवर सगळ्यांची नावं कोरलेली. खिडक्यांना लोखंडी गजही बसवले होते. झडपा तेवढ्या राहिल्या होत्या. उद्घाटनाच्या दिवशी पडदे लावल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि पडदे मंडपवाल्याचे होते, ते तो घेऊन गेला.

दुपारी वादळ पोचलं. सांगितल्या वेळी पोचणारी गावातली ती पहिलीच सरकारी गोष्ट. आधी एक लांबलचक हुंकार आला, मग झाडं एकाच दिशेनं लोळली आणि समुद्राकडच्या खिडक्यांतून पाऊस आडवा आत घुसला. पाऊस कसला, मूठमूठभर खडे मारावेत तसं पाणी, आणि त्यात पानं, काटक्या, कोणाच्या तरी छपराचे तुकडे.

"नागरिकांनी खिडक्यांपासून लांब बसावं!" साहेब भोंग्यातून ओरडले.

"चारही बाजूंना खिडक्या आहेत, साहेब," टेंपोवाला म्हणाला. "छताला लटकू का?"

माणसं दाटीवाटीनं मधे सरकली. एका कोपऱ्यात, जिथं त्यातल्या त्यात पाऊस कमी, तिथं मात्र कोणी बसलं नव्हतं. तिथं दारं ठेवली होती. वर सतरंज्या घातलेल्या, भिजू नयेत म्हणून. आणि मुलं भिजत होती.

एक पत्र्याचा तुकडा गजांवर आदळून आत आला आणि सुनेच्या पायापाशी भिंतीवर थडकला. पोरगी किंचाळली. तिचं सगळं अंग ओलं, ओठ निळसर. सुनेनं फोन काढला. तो काय सांगणार होता? रेंज नव्हती. खुराडंही नव्हतं. तिनं फोन पिशवीत टाकला आणि उठून त्या कोपऱ्यात गेली.

"दारं काढा," ती म्हणाली. "गजांना बांधा. दोर आहेत सगळ्यांकडे."

कोणी हललं नाही. शेजारीण तेवढी लगबगीनं आली आणि आपल्या दारावर पसरून बसली. "आमचं नाजूक आहे गं. पाण्यानं फुगतं ते."

"काकू, पोरं भिजतायत."

"पोरं वाळतात. दार फुगलं की फुगलं."

"नागरिकांनी सहकार्य करावं," साहेब भोंगा बाजूला ठेवून साध्या आवाजात म्हणाले. त्या आवाजाला तर कोणीच ओळखलं नाही.

सून सासूकडे वळली. सकाळपासून दोघी एकमेकींशी फक्त टोमण्यांत बोलल्या होत्या. "आई, दार द्या."

सासूनं आधी सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे. मग सतरंजी ओढून फेकली. "आता हवं झालं होय दार? सकाळी तर माणसं न्यायची होती." आणि मुलाला म्हणाली, "बघतोस काय? पोट बाहेरच्या बाजूला ठेव. होडी होती ती, पाणी कसं अंगावर घ्यायचं ते तिला शिकवायला नको."

नवऱ्यानं आणि टेंपोवाल्यानं दार उचलून तिसऱ्या खिडकीला टेकवलं. वारा ते परत ढकलत होता. सुनेनं पोरीला सासूच्या मांडीत टाकलं आणि स्वतः खांदा लावला. नवऱ्यानं गजांतून दोर ओवले आणि होडी धक्क्याला बांधतात तशा गाठी मारल्या, ओढ बसेल तशा आवळत जाणाऱ्या. दार गजांवर घट्ट बसलं. त्या एका खिडकीचा पाऊस थांबला.

मग काय! एका घराचं दार खिडकीला लागलंय आणि आपलं खाली पडलंय, हे गावाला कसं सोसणार?

"आमचं याच्यापेक्षा जाड आहे," शेजारीण उठत म्हणाली. "लावा त्या मोठ्या खिडकीला. तिथं असल्या पोटवाल्या दाराचं काम नाही."

बघता बघता समुद्राकडच्या सगळ्या खिडक्यांना दारं लागली: निळी, हिरवी, कुलपासकट एक, टपालाच्या फटीचं एक. बाहेर वारा दारं ठोठावत होता आणि आत शंभर घरांची माणसं श्वास रोखून बसली होती, कोणी उघडू नये म्हणून. साहेब तिसऱ्या खिडकीखाली, दाराच्या पोटाच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. इस्त्री पूर्ण गेली होती. सुनेनं त्यांना पोरीचं एक कोरडं दुपटं दिलं. त्यांनी ते मुकाट डोक्यावर घेतलं.

संध्याकाळी वारा पडला. पोरगी सासूच्या मांडीत झोपली होती, ऊबदार.

गावात परत आले तेव्हा गाव बरंचसं नव्हतं. बांध फुटला होता, शेतात समुद्र उभा होता. त्यांच्या घराच्या भिंती गेल्या होत्या, छप्पर कुठं गेलं ते विचारायचीही सोय नव्हती. उरलं होतं ते जोतं, आणि जोत्यावर सासऱ्यांनी हातभर खोल पुरलेली चौकट, एकटीच. सासूनं ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. मग म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर आण."

दार बसवलं. पुढे अंगण, मागे आभाळ.

दोन दिवसांनी साहेब पाहणीला आले. शर्ट पुन्हा इस्त्रीचा. भिंत होती तिथून ते जोत्यावर पाय टाकणार, एवढ्यात सासू ओरडली, "साहेब, दारातून!"

साहेब वळसा घालून दारातून आले. आजूबाजूला पाहिलं. दारावर टकटक केली. "हे शाबूत आहे."

"हो," नवरा म्हणाला.

"मग अंशतः पडझड लिहावं लागेल. मुख्य दार उभं असेल तर घर पूर्ण पडलेलं धरत नाहीत. नियम आहे."

नवऱ्याचा चेहरा पडला. पूर्ण पडलेल्या घरालाच नवीन घर मिळणार होतं. अंशतः पडलेल्याला छपरासाठी ताडपत्री. त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला. "काढून ठेवतो, साहेब. मग लिहा."

"खाली ठेवा ते," सून म्हणाली.

नवरा थबकला. सासूनं मान वर केली.

"साहेब, घर पडलं तेव्हा हे दार घरात नव्हतं," सून म्हणाली. पोरगी कडेवर, बोट दाराकडे. "शाळेच्या तिसऱ्या खिडकीत होतं. तुम्हीच भोंग्यातून आणू नका म्हणाला होतात, आम्ही ऐकलं नाही. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्याच्याच आडोशाला बसला होतात, आमच्या पोरीचं दुपटं डोक्यावर घेऊन. दुपटं तुमच्याकडेच राहिलंय."

साहेबांनी दाराच्या पोटावरून हात फिरवला. दोर घासल्याचे ओरखडे होते तिथं. पेन काढलं, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं.

"पूर्ण," ते म्हणाले. "दुपटं पाठवून देतो."

"बरं झालं," सासू सुनेकडे न बघता म्हणाली. "वेधशाळेचा एक तरी अंदाज घरच्यांच्या कामाला आला."

साहेब निघाले. या वेळी कोणी सांगायची वाट न बघता दारातूनच.

"जाताना ओढून घ्या, साहेब," सून मागून म्हणाली. "जरा उचलून ओढा, नाहीतर लागत नाही. उघडं राहिलं की भटकी कुत्री आत शिरतात."