चौदा खोक्यांची हिरवी खूण

"पाच अंश तापमान कोणी भरलं, कौशल्याताई?" गोदामाचे मॅनेजर सुदर्शन सरांनी स्क्रीन आईकडे वळवली. "टेम्पोवाला आत्ता सांगतोय, काल कूलिंग बंदच होतं. आणि इथे सही तुमच्या चावीची!"

शनिवारची शाळा सुटल्यावर मी आईला न्यायला गोदामात आले होते. गप्प बसणं मला हल्ली जमतच नाही. "सर, काल दुपारी आई माझ्या शाळेत होती. माझ्या भाषणाला, पहिल्या रांगेत!"

"ब्लॉकचेनला भाषणं ऐकू येत नाहीत, बाळ."

वारज्याच्या या औषधांच्या गोदामात आई नऊ वर्षं आहे. खोकं आलं की तापमान मोजायचं, आकडा भरायचा आणि आपली पेनड्राइव्हएवढी चावी लावून सही करायची. ती नोंद ब्लॉकचेनवर चढते, म्हणजे एकाच वेळी सगळ्या कंपन्यांकडे जाते, कुणालाच खोडता येत नाही. एवढं भक्कम! फक्त इथे कुणी जरा बाहेर गेलं, की टेम्पो खोळंबू नये म्हणून चावी शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे ठेवून जातं.

काल आईच्या शेजारच्या टेबलावरच्या शर्मिलामावशीनं आईच्या चावीनं इन्सुलिनची चौदा खोकी उतरवून घेतली. घाईत मोजलंच नाही, नेहमीचा पाचाचा आकडा भरून टाकला. आज सकाळी ती खोकी नारायण पेठेतल्या दुकानांत पोहोचली. तिथे स्कॅन केलं की हिरवी खूण येते. म्हणजे खुशाल विका.

"मग खाली दुसरी नोंद करा ना!" मी म्हणाले.

"करता येते की. त्यात चावी दुसऱ्याला दिली असं लिहावं लागेल आणि मग नोकरी जाईल. नाहीतर राहू दे हिरवं. माझ्या स्क्रीनवर सगळं उत्तमच आहे."

दाराशी उभ्या शर्मिलामावशीचे डोळे भरले होते. "ताई, माझं नाव..."

"तू गप गं," आई म्हणाली.

भाषणाला ये म्हणून हट्ट मीच धरला होता.

आईनं एका बोटानं टाइप केलं: मी हजर नव्हते. चावी मी ठेवून गेले. तापमान मोजलेलं नाही. खोकी विकू नयेत.

सही केली. चौदा खुणा एकेक करत लाल झाल्या. तिनं चावी काढून सरांपुढे ठेवली.

बाहेर ऊन रणरणत होतं. बसस्टॉपवर लोक आईकडे वळून बघत होते. कोल्ड रूममध्ये घालायचा जाड स्वेटर तिच्या अंगात तसाच होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.