वन्सं येते म्हणाल्या

नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. या दोघींचं पटायचं, पण भांडून भांडून. सव्वीस वर्षं त्या एकाच माणसावरून भांडल्या. तो एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की आता भांडायलासुद्धा आपल्याला एकमेकींशिवाय कुणी उरलेलं नाही.

भावजय ताडपत्रीचं काम करायची. गाड्यांची आच्छादनं, दुकानांवरची छतं, कधीमधी एखादा तंबू. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन जड मशिनं, मेण लावलेला दोरा आणि बोटाएवढ्या लांब सुया. लग्नाला आठवडा होतो न होतो तोच नणंदेनं तिचं नाव ‘सुईबाई’ पाडलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. सुईबाईनं उलट नाव काही ठेवलं नाही. ती रीतसर ‘वन्सं’ म्हणायची, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी.

वन्सं नकाशाच्या कचेरीत होत्या. एकतीस वर्षं उंच स्टुलावर बसून जुन्या नकाशावरून नवा उतरवायचा, हे त्यांचं काम. किनाऱ्याची रेघ जाड, ओहोटीची तुटक, पायवाटेचे ठिपके. जुन्यात असेल ते नव्यात आलंच पाहिजे, आपलं डोकं चालवायचं नाही, हा कचेरीचा नियम. त्यांच्या वाट्याला एकच किनारा आला होता. गाव नाही, रस्ता नाही. समुद्रात शिरलेल्या खडकांच्या लांब पट्ट्या, आणि कड्यात कुणी कुऱ्हाडीचे घाव घालावेत तशा सात घळी.

“एकतीस वर्षं या घळी काढल्या,” वन्सं म्हणायच्या, “पण एकीतही पाय ठेवला नाही. म्हणजे जन्मभर भाकऱ्या थापल्या आणि घास काही खाल्ला नाही.” त्यांनी लग्न केलं नव्हतं. साठी उलटली, कचेरी सुटली, भाऊ गेला. एक दिवस दुकानात येऊन त्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “सुईबाई, चल. तंबू तुझा, नकाशा माझा.”

तंबू खरं तर नवऱ्यासाठी शिवलेला. त्यानं तो एकदा बैठकीच्या खोलीत उभा करून आत बसून वर्तमानपत्र वाचलं होतं. तेवढाच त्या तंबूचा प्रवास.

दुधाच्या गाडीनं दोघींना शेवटच्या वस्तीवर सोडलं आणि तिथून त्या पाठीवर बोजा घेऊन चालू लागल्या. पहिल्या दिवशी वन्संचे गुडघे बोलले, दुसऱ्या दिवशी सुईबाईची कंबर. तिसऱ्या दिवसापासून कुणी काही बोलेना, कारण वाराच इतका होता. रात्री तंबूच्या भिंती फडफडत, आणि सुईबाई अंधारात पडल्या पडल्या आपल्याच शिवणीवर हात फिरवून बघे. रोज एकदोन घळी मागे पडत. वन्सं घळीच्या तोंडाशी उभ्या राहत, नकाशा उघडत, नकाशाकडे आणि घळीकडे आळीपाळीनं बघत आणि मान डोलावत. परीक्षेचा निकाल लागावा तशा. आत मात्र जात नसत, कारण सुईबाई बाही धरून ठेवी.

पाचव्या दिवशी सातव्या घळीपाशी पोचल्या. ही सगळ्यात मोठी. इथं कडा वळून पुढे आला होता आणि खडकांची पट्टी किनाऱ्यापासून निघून, कोयत्यासारखी वाकून, थेट त्याच्या टोकाला भिडली होती. घळीचं तोंड टोकाच्या पलीकडे, तंबूतून न दिसणारं. अर्ध्या तासाच्या चालीवर किनाऱ्याच्या पहाऱ्याची एक चौकी होती. त्याच संध्याकाळी तिथला चौकीवाला येऊन नावं लिहून घेऊन गेला. “उद्या उधाणाची भरती आहे,” तो म्हणाला. “साडेबाराला पाणी सगळ्यात खाली. दोनच्या आत खडकावरून माघारी या. घळीत तर जाऊच नका.”

“ऐकलंत ना?” सुईबाई म्हणाली.

“मला एका कानानं कमी ऐकू येतं,” वन्सं म्हणाल्या, “पण तू आहेस ना ओरडायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींची जुंपली. वन्संना जायचं होतं, सुईबाईला तंबूची उसवलेली कड शिवायची होती.

“खडकाच्या टोकापर्यंत जाईन. बाहेरून तोंड बघेन आणि परत.”

“आत नाही?”

“नाही गं बाई.”

“शपथ?”

“मी सरकारी नोकर आहे. शपथ एकदाच घेतली, नोकरीला लागताना.”

पण जाता जाता त्यांनी सुईबाईच्या हातावर हात ठेवला, आणि सुईबाईनं तीच शपथ धरली.

साडेबाराला सुईबाईनं दोरा तोडून मान वर केली. वाकलेल्या पट्टीच्या टोकाला, मधल्या पाण्यापलीकडे, वन्संची निळी टोपी दिसत होती. खडकावरून चालत गेलं तर पाऊण तास, पण आवाज जाईल इतकं जवळ. वन्संनी हात वर केला. वाऱ्यावर शब्द आले: “येतेऽऽ गंऽऽ!”

जिवात जीव आला. सुईबाईनं पण हात हलवला आणि चहाचं आधण ठेवलं. तोंड इकडे होतं की पाठ, एवढ्या लांबून टोपीवरून काय कळणार!

सव्वा वाजला. चहा उकळून काळा झाला, तेव्हा तिनं तो उतरवून झाकून ठेवला. वन्संना वाटेत शिंपले दिसले असतील, त्यांना काय, खडकातला प्रत्येक खळगा म्हणजे तुटक रेघ. दोन वाजले. खाली उतरून बघते तर पट्टीच्या मधल्या सखल भागावरून पाणी पातळ पसरत होतं, फरशी पुसताना पसरतं तसं, बिनआवाज. निळी टोपी कुठेच नव्हती. तिनं चार हाका मारल्या, आणि मग बोजा, चहा, तंबू सगळं टाकून चौकीच्या वाटेला लागली. पन्नाशीची बाई पळत नाही, पण ती पळाली.

चौकी म्हणजे एक खोली. टेबल, बिनतारी यंत्र, खिळ्याला दोराचं वेटोळं, भिंतीवर भरतीचं वेळापत्रक. चौकीवाला आणि नावाडी दोघंच होते. दुसरी बोट दुरुस्तीला गेली होती. धापा टाकत तिनं सांगितलं. चौकीवाल्यानं वही ओढली नाही की खुर्ची दिली नाही. सरळ विचारलं, “शेवटचं काय म्हणाल्या?”

“येते म्हणाल्या.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“येते म्हणजे कोणतं येते?” नावाडी म्हणाला. “निघताना म्हणतात ते, की परतताना?”



“बाई, नीट ऐका,” चौकीवाला हळू बोलायला लागला, आणि त्या हळूपणाचीच तिला भीती वाटली. “परत निघाल्या असतील तर पट्टीवर कुठेतरी पाय अडकून पडल्यात. पट्टी साडेतीन-पावणेचारला बुडेल, आधी तिथं गेलं पाहिजे. आणि पुढे गेल्या असतील तर त्या घळीत आहेत. घळीच्या तोंडातून बोट चारपर्यंतच आत जाते, नंतर लाटा कातळावर आपटून मारतात. दोन्हीकडे जायला वेळ नाही. बोट एक. तुम्ही त्यांना ओळखता, आम्ही नाही. कुठे जाऊ?”

हातावर ठेवलेला हात तिला आठवला. घळीत गेल्या म्हणायचं म्हणजे वन्सं खोटं बोलल्या म्हणायचं. आणि चहा तिनं ठेवला होता. येणाऱ्या माणसासाठीच चहा ठेवतात. या दोन गोष्टींवर तिनं ठरवलं.

“परत येत होत्या,” ती म्हणाली. “पट्टीवर बघा.”

चौकीवाला तरीही दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून कड्याच्या वाटेनं वर गेला. असावं म्हणून, तो म्हणाला. नावाड्यानं सुईबाईला बोटीत घेतलं.

पट्टी त्यांनी वीत वीत शोधली. नावाडी इंजिन मंद ठेवून खळग्यांच्या कडेकडेनं बोट नेत होता, सुईबाई पोटावर पडून पाण्यात बघत होती. लोक तिला म्हणायचे, तू नणंदेला पाण्यात पाहतेस. आता पाहत होती. शेवाळ, मासे, तुटलेलं जाळं, आणि एकदा काहीतरी निळं दिसलं तो डबा निघाला. पट्टी बुडत चालली. एका सुळक्याशी काहीतरी हललं असं तिला वाटलं, आणि तिच्या तोंडून आपसूक हाक गेली, “आले, वन्सं, आले! आले!”

आणि ती जागच्या जागी थिजली.

येणारं माणूस ‘आले’ म्हणतं. दारातून ओरडतं, आले गं, आलेच. ‘येते’ म्हणतं ते जाणारं माणूस. सव्वीस वर्षांत वन्सं तिच्या घरातून निघताना एकदाही ‘जाते’ म्हणाल्या नव्हत्या. शेजारच्या खोलीत चष्मा आणायला निघाल्या तरी ‘येते’. आणि परत आल्या की उंबऱ्यातूनच ‘आले’. हे तिला चौकीत ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. कुठल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

“घळीत चला,” ती म्हणाली. “त्या घळीत आहेत.”

नावाड्यानं घड्याळ पाहिलं. बोट वळवली.

घळीच्या तोंडाशी सव्वाचार वाजले होते. दोन्ही बाजूंचे कातळ इतके जवळ की बोट जेमतेम मावावी, आणि त्या फटीत लाट शिरायची, आत कुठेतरी फुटायची आणि फेस होऊन माघारी यायची. नावाड्यानं दोनदा नाक आत घातलं. दुसऱ्यांदा बोटीची कड कातळाला घासली आणि फळी फुटल्याचा आवाज झाला. “तुमच्यासकट बुडेल,” तो म्हणाला, आणि लाटेला तोंड देत फटीबाहेरच थांबला.

“वन्सं!” सुईबाई ओरडली.

दोन लाटा गेल्या. मग आतून, विहिरीतून यावा तसा आवाज आला. “कोण, सुईबाई? कुठे होतीस इतका वेळ?”

“तुम्ही येते म्हणालात!”

“मग जाताना दुसरं काय म्हणणार?”



“पाणी कुठवर आलंय?”

“गुडघ्याला. कपारीवर उभी आहे. सुईबाई, इथं वर जायची वाट नाही गं. मागच्या भिंतीतून मी वाट रेखाटलीये. ठिपके, दर नकाशात. तोंड बुडलं तरी वरून निघू म्हटलं. तिथं नुसता कडा आहे.”

“शपथ घेतली होतीत ना!”

“हो. ती खोटी घेतली. रागाव, पण नंतर रागाव.”

वरून चौकीवाल्याचा आवाज आला. दोर सोडला होता, पण कडा आत वळलेला होता. दोर अर्ध्यावर हवेतच लोंबकळत होता, भिंतीपासून चार हात लांब. सुईबाईला हे दिसत होतं, वन्संना नव्हतं.

“दोर येतोय!” सुईबाई म्हणाली. दुपारपासूनचं हे तिचं दुसरं चुकीचं वाक्य, आणि हे मात्र तिनं जाणूनबुजून बोललं.

“चहा ठेवलायस?”

“ठेवला होता. गार झाला.”

“मग पुन्हा ठेव की. कामचुकार.”

त्यानंतर लाटांचा जोर वाढला. सुईबाई हाका मारत राहिली. तंबूच्या कडेची हकीकत सांगितली, शेजाऱ्याच्या कुत्र्याची सांगितली, त्यांच्या भावाचे लहानपणीचे किस्से काढले, ते मुद्दाम चुकीचे सांगितले, म्हणजे वन्सं चुका काढायला तरी बोलतील. एकदा ‘सायकल नव्हती ती’ असं काहीतरी ऐकू आलं. की आलंसं वाटलं. साडेपाचला उजेड गेला, तेव्हा नावाड्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजिन सुरू केलं.

पहाटे पाणी उतरल्यावर चौकीवाला आणि नावाडी आत गेले. सुईबाई बाहेर वाळूवर उभी होती. त्यांनी वन्संना आणलं ते तिच्याच तंबूच्या कापडात. दुसरं कापडच नव्हतं. कड घट्ट होती, कुठेही उसवली नाही.

चौकीत चौकीवाल्यानं जबाब लिहिला. त्याच्या डोळ्यांना झोप नव्हती आणि दोरानं हातांची सालटी निघाली होती. वाचून दाखवायची रीत असावी, म्हणून त्यानं वाचलं. “… शोध प्रथम खडकांच्या पट्टीवर घेण्यात आला, मृत व्यक्तीच्या शेवटच्या शब्दांचा अर्थ चुकीचा समजल्याने.”

“थांबा,” सुईबाई म्हणाली. “‘समजल्याने’ खोडा.”

“का?”

“मला समजला होता. ‘सांगितल्याने’ लिहा. ‘चुकीचा सांगितल्याने’.”

“बाई, असं कुणी लिहून देत नाही.” त्यानं पेन खाली ठेवलं. “आम्हाला तरी कुठे कळलं? त्या शब्दाचे दोन अर्थ होतातच. तुमची काही चूक नाही.”

“चूक नकाशातही होती,” ती म्हणाली. “तीसुद्धा अशीच पुढे पुढे उतरत आली, कारण कुणी खोडली नाही. द्या इकडे.”

तिनं स्वतः खोडलं, वर नवा शब्द लिहिला आणि बाजूला सही केली. चौकीवाला ओशाळून म्हणाला की या कागदाच्या तीन प्रती लागतात. एक इथं, एक वरच्या कचेरीला, एक नातेवाइकांना. आणि कार्बन पेपर संपलाय.

“नातेवाईक मीच आहे,” सुईबाई म्हणाली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून दुसरा कोरा कागद पुढ्यात घेतला.