आढळले नाही

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी मामाच्या घरी भांडी घासत होते, तेव्हा मामी म्हणायची, "घास, घास. प्रयोगशाळेतही तुला हेच करायचंय." बाई विनोदी होती. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाच्या दारात आली आणि तेव्हापासून आमच्या ताटांवर मामीची नजर. आई तोंडातून ब्र काढत नसे. चूक मामीची असली तरी "चुकलं माझं" हीच म्हणायची. मला संताप यायचा, मामीपेक्षा आईचाच जास्त. तिला तिथून बाहेर काढायचं, आतून कडी लावता येईल अशी एक खोली तिला द्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विज्ञानाची सेवा वगैरे गेली खड्ड्यात.

अर्ज केले तेवढे थोडेच. जो तो अनुभव मागायचा. नोकरीच दिली नाही तर अनुभव काय आभाळातून पडतो? शेवटी पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेने प्रात्यक्षिक परीक्षेला बोलावलं.

लांबलचक ओटा, आम्लाने डागाळलेला. आम्हा उमेदवारांपुढे एकेक बाटली ठेवली आणि चष्मेवाले साहेब म्हणाले, "यात क्रोमियम किती आहे, ते लिहून द्या." धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून हे क्रोमियम पाण्यात उतरतं आणि पिणाऱ्याचं शरीर हळूहळू पोखरतं. तपासायची रीत सोपी. नळीत पाणी, त्यात थोडं आम्ल, मग औषधाचे थेंब. जांभळा रंग आला की क्रोमियम आहे. रंग जितका गडद तितकं ते जास्त.

माझ्या नळीत रंगच येईना. पुन्हा केलं, तरी पाणी आपलं जसंच्या तसं. कॉलेजात परीक्षेला जी नळी मिळते तिच्यात काहीतरी असतंच. ते ओळखायचं आणि गुण घ्यायचे. काही नसलेली नळी आम्हाला कुणी कधी दिलीच नव्हती.

शेजारचा मिशीवाला कुजबुजला, "अहो, थोडं तरी लिहा. मी लिहून मोकळा झालो." त्याच्या नळीतही नितळ पाणीच होतं. मला वाटलं, औषधच खराब असेल. फळीवर क्रोमियमच्या द्रावणाची बाटली होती, त्यातलं थोडं घेऊन पाहिलं. झटकन जांभळं झालं. म्हणजे औषध चांगलं होतं. मग मात्र माझं डोकं फिरलं. नाही तर नाही, नापास करा. मी कागदावर 'आढळले नाही' लिहिलं आणि उठले.

साहेबांनी मला एकटीलाच आत बोलावलं. "सगळ्यांना शुद्ध पाणी दिलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही सोडून सगळ्यांनी आकडे ठोकले. बाटली दिली म्हणजे आत काहीतरी असणारच, असं वाटणारी माणसं इथे कामाची नाहीत. 'आढळले नाही' लिहिताना हात कचरता कामा नये." मी फुशारून गेले. खरेपणाची कदर करणारा कुणीतरी भेटला, असं वाटलं. मूर्ख मी.

पहिला महिना बाटल्या धुण्यात गेला. मामीचं बोलणं खरं झालं म्हणायचं. पगार हातात पडताच मी कारखान्यांच्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली. त्या रात्री आई पाय पसरून झोपली. ती पाय पोटाशी न घेता झोपू शकते, हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यापुढे अहवालांचा गठ्ठा ठेवला. प्रत्येकावर आधीच छापलेलं होतं, 'आढळले नाही'. फक्त सही करायची होती. नमुन्यांच्या बाटल्या कोपऱ्यातल्या खोक्यात होत्या, सीलसकट.

"तपासायच्या नाहीत?" मी विचारलं.

"ओतून द्या आणि धुऊन ठेवा. पैसे कारखानेवाले देतात." साहेब शांतपणे बोलत होते. "परीक्षेत तर किती छान लिहिलंत."

"तेव्हा पाण्यात काही नव्हतं, साहेब."

"आताही नाही," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

मी एका बाटलीचं सील फोडलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: शाळा, पिण्याचा नळ. औषधाचे थेंब पडताच पाणी वांग्यासारखं झालं. मी नळी हातात धरून बसले. वाटलं, हे साहेबांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवावं. आणि मग? मग वळकटी उचलून आई पुन्हा मामीच्या दारात उभी राहणार, "चुकलं माझं" म्हणत. साहेबांच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. मग नळी मोरीत ओतली आणि सगळ्या कागदांवर सह्या केल्या. हात खरंच कचरला नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

संध्याकाळी घरी आले तर आई शेजारच्या काकूंबरोबर उंबऱ्यावर बसली होती. सगळ्या जन्मात न बोललेलं सगळं ती एका दमात बोलत होती. "माझ्या लेकीची सही झाल्याशिवाय इथे कुणाच्या घशाखाली पाणी उतरत नाही," ती म्हणाली.

"बरं झालं, हिलाच विचारते," काकू माझ्याकडे वळल्या. "आमची धाकटी त्या मुलाम्याच्या कारखान्यामागच्या शाळेत जाते. नळाच्या पाण्याला कसलीतरी चव लागते म्हणते, प्यायलाच बघत नाही. घरून बाटली द्या म्हणून हट्ट धरून बसलीये."

"अगं, सांग ना त्यांना," आई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलून आला होता.

"पाणी चांगलं आहे, काकू," मी म्हणाले. "आम्ही आजच तपासलं."

"वाटलंच मला. नखरे आहेत नुसते," काकू म्हणाल्या आणि उठता उठता त्यांनी आपल्या घराकडे बघत मुलीला हाक मारली, "ऐकलंस का गं? उद्यापासून गुपचूप शाळेतलंच पाणी प्यायचं."